हसऱ्या आज्जीची आठवण-पुस्तिका: पहिल्या वर्षात घरच्या घरी कशी करायची

आपल्या बेळगावकडच्या सीमाभागात घरातलं म्हातारं माणूस गेलं की दुसऱ्या दिवशी गल्लीच्या कोपऱ्यावर फलक लागतो. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली नाव आणि आधार कार्डावरचा मोठा केलेला फोटो. वर्षानं पेपरात चार ओळींची जाहिरात येते. तिच्यात 'प्रेमळ', 'कष्टाळू', 'मायेची सावली' हे शब्द असतात आणि ते खोटे नसतात. पण जिनं आख्ख्या गल्लीला हसवलं, जी विहिणीची नक्कल करून पंगत बसल्या जागी लोळवायची, जी पत्त्यांत नातवंडांचे पैसे जिंकायची आणि परत म्हणून द्यायची नाही, ती बाई त्या चौकटीत कुठंच सापडत नाही.

माझी आई अशी होती. ती गेल्यावर आम्ही भावंडांनी आणि तिच्या नातवंडांनी मिळून तिची एक पुस्तिका केली, सोबत तिच्या आवाजाचा एक संग्रह. पुढं खानापूर आणि निपाणीकडच्या नातलगांच्या घरी अशाच पुस्तिका करताना हाताशी राहिलो. त्यातून जी पद्धत बसली ती इथं सविस्तर देतो आहे. चाळीस ते साठ पानांची पुस्तिका, वर्षश्राद्धापर्यंत हातात, हे घरातल्या कुणालाही जमण्यासारखं काम आहे. यासाठी लेखक असावं लागत नाही, ऐकून घेणारं माणूस असावं लागतं.

पहिली पायरी: तिचा फोन आणि नंबर सांभाळा

हे सगळ्यांत आधी, कारण सगळ्यांत आधी हेच हातचं जातं. दहाव्या-बाराव्या दिवसानंतर कुणीतरी म्हणतं, "आता तो फोन कशाला, पोराला वापरायला द्या." तसं करू नका. हल्लीच्या आज्ज्यांचा खरा खजिना व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजमध्ये असतो. टाइप करता येत नाही म्हणून त्या बोलून पाठवतात, आणि त्यात त्यांचं हसणं, खोकणं, मागं शिजणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या, सगळं असतं.

प्रीपेड नंबर काहीच वापर न होता साधारण नव्वद दिवस पडून राहिला की कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढं तो दुसऱ्याला जातो. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरात नसलं की साधारणपणे काढून टाकलं जातं. म्हणून निदान वर्षभर लहानसा रिचार्ज चालू ठेवा आणि आठवड्यातून एकदा फोन इंटरनेटला जोडा. मग प्रत्येक चॅट उघडून 'एक्सपोर्ट चॅट' करा, मीडियासकट. जुन्या लांबलचक चॅटमधली सगळी मीडिया एकदम बाहेर येत नाही, त्यामुळं फोनमधलं व्हॉइस नोट्सचं फोल्डर केबल लावून कॉम्प्युटरवर वेगळं उतरवून घ्या. या फाइलींच्या नावाच्या शेवटी 'ओपस' लिहिलेलं दिसेल. त्या तशाच जपा, एमपीथ्री करायची असेल तर प्रत काढून करा.

आणि नातेवाइकांच्या फोनमध्येही तिचे मेसेज आहेत हे विसरू नका. पुण्याला असलेल्या भाचीला, गोव्यातल्या जावयाला, पलटणीतल्या नातवाला लगेच कळवा: आज्जीचे मेसेज पुसू नका. फोटो मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि छापताना फुटतो.

दुसरी पायरी: भेटायला येणाऱ्यांचं ऐका

सुतकाच्या दिवसांत दुःख ताजं असतं आणि नेमकी तेव्हाच माणसं भरभरून बोलतात. भेटायला आलेली शेजारीण चहाचा कप हातात धरून एखादा किस्सा सांगते, सगळे रडता रडता हसतात, आणि ती उठून गेली की तो किस्साही गेला. दाराशी एक साधी वही ठेवा. कोण आलं, त्यांनी काय सांगितलं, एका ओळीत. 'भजनातल्या काकू: पंढरपूरची गाडी चुकली, आईनं स्टँडवर फुगडी घातली.' एवढं पुरे. पुढं त्यांच्या घरी जाऊन सगळं नीट विचारता येतं. नातवंडांपैकी जो आठवी-नववीत आहे त्याच्याकडं ही वही द्या. त्यालाही त्या दिवसांत हाताला काम लागतं आणि आज्जीसाठी आपण काहीतरी केलं असं वाटतं.

तिसरी पायरी: कुणाकुणाला विचारायचं

घरच्यांची यादी आपोआप होते. ती बाजूला ठेवा आणि दुसरी यादी करा, घराबाहेरच्या माणसांची. आई म्हणून, सासू म्हणून वागताना बाईला जे सांभाळावं लागतं ते मैत्रिणींत सुटतं, आणि मजा तिथंच असते. भजनी मंडळ, भिशीच्या बायका, शाळासोबतिणी. बेळगावातल्या शहापूर-वडगावकडची असेल तर मागावर बरोबर कांड्या भरणाऱ्या बायका, निपाणीची असेल तर तंबाखूच्या वखारीतल्या किंवा विडीकामातल्या. शेतकरी घरातली असेल तर भातलावणीला बरोबर असलेल्या. शनिवारच्या बाजारातली भाजीवाली, जिच्याशी ती वीस वर्षं भाव करत होती, ती तर हमखास.

शेजारची कानडी बोलणारी अक्का सुटता कामा नये. आपल्याकडं भिंतीला भिंत लागून दोन भाषा राहतात, आणि आपल्या आज्जीचे निम्मे विनोद कानडीतले असू शकतात. आमच्या शेजारच्या अक्कांनी सुरुवातच केली, "भाळ नगसतिद्दळु नोड्री," म्हणजे फार हसवायची बघा, आणि मग तासभर कानडीतून जे सांगितलं ते आम्हा मुलांना कधीच ठाऊक नव्हतं. ते कानडीतच रेकॉर्ड केलं, कानडीतच छापलं आणि खाली मराठीत अर्थ दिला.

भेटींचा क्रम वयानं ठरवा, नात्यानं नाही. सगळ्यांत म्हातारं माणूस आधी. ते बहुतेक वेळा माहेरचं असतं. आपल्याकडं पुष्कळ आज्ज्यांचं माहेर चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याकडं असतं, हद्दीच्या पलीकडं महाराष्ट्रात. तिकडं एक दिवस काढून जा. तिचं लग्नाआधीचं नाव काय होतं, ती कुठल्या झाडावर चढायची, कुणाच्या परड्यातले पेरू चोरायची, हे सांगणारं माणूस तिथं एखादंच उरलेलं असतं.

चौथी पायरी: प्रश्न

सगळं काम या पायरीवर तरतं किंवा बुडतं, म्हणून इथं जरा थांबतो.

"ती कशी होती?" असं विचारलं की "लई चांगली होती" हेच उत्तर येणार. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना प्रत्येकाचा आवाज देवळातल्यासारखा होतो. त्याला तिथून बाहेर काढायचं तर प्रश्न बारीक हवा, हाताला लागेल असा. ती हसायची कशी? आवाज करून, की पदर तोंडाला लावून अंग हलवत? हसू आवरत नसलं की काय करायची? कुणाची नक्कल छान करायची, आणि ज्याची करायची त्याला ते माहीत होतं का? गल्लीतल्या कुणाला कसली टोपणनावं ठेवली होती? पत्ते खेळताना लबाडी करायची का, आणि पकडली गेली की काय म्हणायची? सासूपासून काय लपवून खायची? सिनेमाला कुणाबरोबर गेली होती आणि घरी काय सांगून? कशाला घाबरायची? कुणावर रागावली की किती दिवस बोलायची नाही?

शेवटचे दोन प्रश्न मुद्दाम आहेत. हसरं माणूस सदा हसतंच असं कुणी सांगितलं तर ते माणूस खरं वाटत नाही. तिचा राग, तिची भीती, दुखणं, मूल गेल्याचं दुःख, हेही विचारा, पण दुसऱ्या भेटीत.

एकेकट्याला विचारण्यापेक्षा दोघींना एकत्र बसवलं तर जास्त निघतं. एक म्हणते, "ते साल पावसाचं होतं." दुसरी म्हणते, "हॅ, पाऊस कुठला, मेच्या सुट्टीत की गे!" आणि त्या भांडणातून खरी गोष्ट वर येते. एखादी वस्तू बरोबर न्या: तिचा अडकित्ता, तिची इरकल साडी, पोथीत ठेवलेलं बसचं तिकीट. वस्तू हातात आली की माणसाला पुढचं आपोआप आठवतं.

पाचवी पायरी: रेकॉर्डिंग

फोनमधला साधा रेकॉर्डर पुरतो. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, फोन विमान मोडवर टाका आणि टेबलावर थेट न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे बांगड्यांचा आणि कपबशीचा आवाज फळीतून येत नाही. सुरुवातीला आपल्याच तोंडानं तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव बोला. फोन चालू आहे हे समोरच्याला स्पष्ट सांगा आणि 'चालेल काय?' असं विचारूनच सुरू करा. म्हातारं माणूस पाऊण तासात थकतं. चहा झाला की थांबा.

घरी आल्यावर त्याच रात्री फाइलीला नाव द्या: तारीख, व्यक्ती, विषय. 'रेकॉर्डिंग १७' या नावाची फाइल पाच वर्षांनी कुणी उघडत नाही.

लग्नातल्या किंवा बारशातल्या जुन्या ऑडिओ कॅसेटी घरात असतील तर माळ्यावरच्या टेपरेकॉर्डरमध्ये घालून बघू नका. जुना टेप पट्टी खातो. आधी पट्टीवर पांढरी बुरशी दिसते का बघा, असेल तर ती न वाजवता ट्रान्सफर करणाऱ्या जाणकाराकडं द्या.

सहावी पायरी: साल कसं काढायचं

"तेव्हा मी लहान होतो," "तुझा बाबा रांगत होता," अशा बोलण्यातून तारीख काढायला सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटनांची एक पट्टी कागदावर लिहून जवळ ठेवा. बेळगाव भागासाठी मी वापरतो ती अशी.

१ नोव्हेंबर १९५६: बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीचा जानेवारी, १७ तारखेला सीमाप्रश्नावरच्या आंदोलनात गोळीबारात गेलेले हुतात्मे, हे ज्यांच्या घराला लागलं ती माणसं दिवससुद्धा सांगतात. १९६१ चा डिसेंबर: गोवा मोकळा झाला. आपल्याकडची फौजेची हालचाल पुष्कळांनी लहानपणी पाहिलेली असते. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट: कोयनेचा भूकंप. 'भूकंपाला थोरला पोटात होता' हे वाक्य मी वेगवेगळ्या घरांत ऐकलं आहे. १९७१ चं युद्ध: मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळं घरातला कुणी ना कुणी पलटणीत, आणि त्या महिन्यांची पत्रं ट्रंकेत. १९७२ चा दुष्काळ. १६ फेब्रुवारी १९८०: कारवार-अंकोल्याच्या पट्ट्यात खग्रास सूर्यग्रहण, भर दुपारी इकडंही अंधारून आलं आणि बायका पोरांना घेऊन घरात बसल्या. १९८१: निपाणीचं तंबाखू आंदोलन. जून १९८६: कन्नड सक्तीविरुद्धचं आंदोलन. १ नोव्हेंबर २०१४: बेळगावचं बेळगावी झालं. ऑगस्ट २०१९ चा पूर. मार्च २०२० चा लॉकडाऊन.

यात घरच्या तारखा घाला: कुणाचं लग्न, कुणाचा जन्म, घरात लाइट कधी आली. मग प्रत्येक किस्सा कुठल्या दोन खुणांमध्ये बसतो ते विचारा. नेमकं साल निघालं नाही तर 'भूकंपानंतर, दुष्काळाआधी' असंच छापा. अंदाजानं साल ठोकून देण्यापेक्षा ते बरं.

सीमालढ्यातलं काही निघालं तर तेही तिच्या बाजूनं लिहा. मोर्चाला गेलेल्या बाईच्या आठवणीत घोषणांइतकीच पिशवीतली भाकरी असते, कडेवरचं पोर असतं, परत येताना कुणाची चप्पल तुटली ते असतं. पुढाऱ्यांची नावं इतिहासात मिळतील. ही चप्पल दुसरीकडं कुठं मिळणार नाही.

सातवी पायरी: फोटो

स्टुडिओत काढलेला, खुर्चीवर ताठ बसलेला फोटो एकच घ्या. बाकी शोधायचे ते कोपऱ्यातले: कुणाच्या तरी वाढदिवसात मागं उभी राहून हसणारी, राजहंसगडाच्या पायऱ्यांवर चप्पल हातात घेतलेली, गौरीच्या रात्री झिम्मा खेळताना अर्धी हललेली. हललेला फोटोही ठेवा, ती कधी स्थिर बसायचीच नाही तर फोटो तरी कसा बसेल!

स्कॅन करताना त्याच आकारात छापायचा असेल तर ३०० डीपीआय पुरे, पण लहान फोटो मोठा करायचा असेल तर ६०० वर करा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, तिथं स्टुडिओचा शिक्का, तारीख, एखादी ओळ असते. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतो. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून करवतीसारखा हलवत न्या, तरी सुटला नाही तर पानासकट स्कॅन करा. लॅमिनेशन अजिबात नको. मागं नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं आणि कडेला, बॉलपेनाचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

ग्रुप फोटोवर पारदर्शक कागद ठेवून डोक्यांच्या बाह्यरेषा काढा, आकडे घाला आणि म्हाताऱ्या माणसांसमोर धरा. 'तिसरी कोण?' या एका प्रश्नावर एक दुपार जाते, आणि ती फुकट जात नाही.

आठवी पायरी: हातचं आणि तोंडचं

आज्जीचा पदार्थ म्हणजे 'अंदाजानं घाल की'. ते माप काढायची एकच रीत आहे. जिनं तिच्या हाताखाली केलं, ती सून किंवा लेक, तिला नेहमीसारखं करायला सांगा आणि मध्ये बोलू नका. प्रत्येक जिन्नस पातेल्यात पडायच्या आधी वाटीसकट काट्यावर ठेवा, नंतर रिकामी वाटी तोला. आज्जीची स्वतःची पितळी वाटी असेल तर तीच वापरा आणि तिच्यात पाणी किती मिली मावतं ते लिहून ठेवा. शेंगांची चटणी असो, रताळ्याच्या पुऱ्या असोत, की घरच्या वासाच्या तांदळाची खीर, कृतीच्या शेजारी ती करताना आज्जी काय बोलायची तेही लिहा. आईच्या चटणीच्या कृतीत आम्ही शेवटी छापलंय: 'आता थोडी चाखून बघायची, मग अजून थोडी, मग डबा भरला नाही म्हणून घरच्यांवर ओरडायचं.'

ओव्या, गौरीची गाणी, भजनाच्या चाली तिच्या मैत्रिणींकडून गाऊन घ्या. नुसते शब्द लिहून चाल हरवते. झिम्मा-फुगडीचा व्हिडिओ घेताना चेहऱ्यापेक्षा पाय आणि हात दिसू द्या. आणि उखाणे! मजेदार बाईचे उखाणे सगळ्यांना पाठ असतात. आईचा एक होता:

शहापूरच्या साडीला वडगावचा काठ,
… रावांनी बघितली स्टँडवर माझी वाट.

हे म्हणताना ती 'वाट' वर थांबायची, वडिलांकडं बघायची, आणि सगळे हसले की मगच खाली बसायची. तो थांबा कागदावर येत नाही, म्हणून आम्ही कंसात लिहिलं: (इथं बाबांकडं बघायचं).

नववी पायरी: लिहिणं

रेकॉर्डिंग ऐकत सगळं उतरवून काढा. फोनचं मराठी बोलून-टायपिंग शहरी भाषेला बरं चालतं, आपल्या बोलीला अडखळतं, तेव्हा हातानंच उतरवायची तयारी ठेवा. आणि उतरवताना बोली सुधारू नका. 'काय करूलीस गे?' याचं 'काय करत आहेस?' झालं की आज्जी उठून निघून गेली असं समजा. आपल्या बायका 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात, ते तसंच राहू दे. मध्येच आलेला कानडी शब्द तसाच राहू दे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला नाही कळलं तर खाली एक ओळ टाका.

दोन परिच्छेद शेजारी ठेवतो. आमच्या पहिल्या मसुद्यात धाकट्या भाचीनं लिहिलं होतं:

'आज्जी अत्यंत उत्साही व हसतमुख होती. तिला सणवारांची खूप आवड होती. तिने सर्वांना आनंद दिला.'

तिला विचारलं, कुठला सण? मग तिनं मावशीला फोन लावला, आणि हे आलं:

'आज्जीचं माहेर बेळगावातल्या गल्लीत, सासर शहापुरात. गल्लीत रंग धुळवडीला, शहापुरात रंगपंचमीला. आज्जी दोन्हीकडं खेळायची. धुळवडीदिवशी सकाळी "आईला ताप आलाय, बघून येतो" म्हणून निघायची आणि दुपारी न्हाऊन परत. एकदा पणजीनं तिच्या कानामागं बघितलं आणि विचारलं, "तुझ्या आईला ताप हिरव्या रंगाचा आला होता काय गे?" पुढच्या वर्षीपासून पणजीच सकाळी म्हणायची, "जा गे, तुझ्या आईला आज ताप यायचा दिवस हाय."'

दुसऱ्या परिच्छेदात 'उत्साही' हा शब्द नाही, 'आनंद' नाही. सासू-सुनेचं नातं कसं होतं तेही न सांगता कळलं. प्रत्येक मोठ्या शब्दापाशी असंच थांबा आणि विचारा: हे कधी दिसलं, कुठं दिसलं? उत्तर मिळालं तर ते लिहा, नाही मिळालं तर तो शब्द काढून टाका.

जन्मापासून मृत्यूपर्यंत अशी रांग लावू नका. पहिल्या पानावर एक असा किस्सा ठेवा की वाचणारा मोठ्यानं हसेल. जन्म, लग्न, मुलं ही माहिती शेवटी एका पानावर येऊ द्या. आजारपणाला दोन पानांपेक्षा जास्त जागा नको. शेवटचे महिने आपल्या डोळ्यांसमोर ताजे असतात म्हणून ते फार मोठे वाटतात, पण ती ऐंशी वर्षं जगली होती.

जमिनीचे वाद, वाटण्या, दोन भावांतलं जुनं भांडण हे आत येऊ देऊ नका. ज्या किस्स्यात जिवंत माणूस हास्यास्पद ठरतं तो त्या माणसाला आधी वाचून दाखवा. बहुतेक जण हसून होय म्हणतात. नाही म्हणाले तर गाळा, वाद घालू नका.

नावाचा एक प्रश्न आपल्याकडं हटकून येतो. शाळेच्या मराठी दाखल्यावर एक, रेशन कार्डावर कानडीत दुसरं, आधारवर इंग्रजीतून आलेलं तिसरंच. पुस्तिकेवर ती सही करायची ते नाव घाला, आणि माहेरचं नाव आत पहिल्या पानावर. भिशीच्या वहीतली सही सापडली तर तीच स्कॅन करून मुखपृष्ठावर टाका. छापील अक्षरापेक्षा ती वाकडी सही मला कधीही जास्त आवडते.

दहावी पायरी: छपाई आणि प्रती

ए-फाइव्ह आकार, मध्ये पिना. पिनांच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात, म्हणून मजकूर ४०, ४४, ४८ असा बसवा. फोटो जास्त असतील तर मधली आठ पानं आर्ट पेपरवर घ्या, बाकी मॅपलिथो, म्हणजे पुस्तकाचा नेहमीचा साधा कागद. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. प्रेसवाला जुन्या फाँटमध्ये बदलून घेणार असेल तर 'ऱ्या', 'ॲ', रफार आणि जोडाक्षरं हमखास मोडतात. प्रूफ मोबाइलवर तपासू नका, कागदावर काढून घ्या आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला नावं आणि नाती तपासायला द्या. मुखपृष्ठाच्या आत क्यूआर कोड छापून आवाजाच्या फाइली जोडता येतात, पण लिंक कधी बंद पडेल सांगता येत नाही. प्रत्येक भावंडाच्या घरी एक पेन ड्राइव्ह द्याच. मूळ फाइलींच्या तीन प्रती, निदान दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात.

मोजून लागतील त्यापेक्षा जास्त प्रती काढा. एक गावच्या वाचनालयाला द्या. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी या गावांत दरवर्षी साहित्य संमेलनं भरतात, आपल्या भागात वाचणारी माणसं आहेत, आणि सीमाभागातल्या साध्या बायकांचं आयुष्य त्यांच्याच बोलीत छापलेलं फार थोडं सापडतं.

अकरावी पायरी: वर्षश्राद्धाचा दिवस

धार्मिक विधी सकाळी आटपतो. जेवणं झाल्यावर सतरंजी टाका, ज्यांनी ज्यांनी किस्से सांगितले त्या सगळ्यांना बोलवा, भाजीवालीला आणि शेजारच्या अक्कांनाही. भाषणं नकोत. पाहुणा नको, हार-शाल नको. नातवंडांनी पुस्तिकेतला एकेक किस्सा वाचायचा, आणि ज्याचा किस्सा आहे त्यानं मध्येच 'तसं नाही रे, असं' म्हणून दुरुस्त करायचा. आवाजातला एखादा मेसेज लावणार असाल तर घरच्यांना आधी सांगा, अचानक तिचा आवाज आला की माणसं कोसळतात. लहानसा, हसरा मेसेज निवडा. आम्ही आईचा, 'अरे फोन उचल की, मी काय पैसे मागूलोय काय!' हा लावला.

मग पत्ते काढा. ती खेळायची तोच डाव, तिच्याच नियमांनी, म्हणजे लबाडीसकट.

पुस्तिका वाटल्यावर पुढचा महिनाभर फोन येत राहतील: 'अरे, ते गाडीचं तू लिहिलासच नाहीस!' म्हणून शेवटची चार पानं कोरीच छापा आणि वर लिहा, 'तुम्हाला आठवतंय ते इथं'. दाराशी ठेवलेली ती वही आता फोनजवळ ठेवा, आणि पुढच्या वर्षी तिच्या तिथीला सगळ्यांच्या प्रती परत मागवून कुणी काय लिहिलंय ते एकत्र स्कॅन करा.